खात्रीचा मठ्ठ

"पंचाहत्तर मोठे की साठ?" राजा भद्रसेन गरजला. "पंचाहत्तर! मग कारकुनी मोरोबाला!"

"अन्याय, महाराज!" चिंतोशास्त्री ओरडले. "माझ्या पेठेतल्या येसाजीला साठच मिळाले, पण माझे सवाल कठीण होते. मोरोबाच्या पेठेतल्या दाजीशास्त्रींचे सवाल म्हणजे नुसता वरणभात!"

कारकुनाची जागा एक, पेठा दोन, आणि दोन्ही शास्त्र्यांनी आपापले सवाल काढलेले. राजा हट्टाला पेटला. "दोघांची परीक्षा पुन्हा होणार नाही! तरीही जास्त हुशार कोण, ते सांगा!"

विडा पुढे करता करता गेनू पानवाला फिस्सकन हसला. झालं!

"हसतोस? मग उद्या तूच सांग! नाहीतर हत्तीखान्यात लीद उपसायला जा!"

गेनूला हत्तीची स्वप्नातसुद्धा भीती वाटे. देवाने डोकं दिलं ते पागोटं ठेवायला, असं तो स्वतःच सांगायचा. पण हत्ती आठवला आणि त्याच डोक्यात बाजार उभा राहिला.

"महाराज," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दोन गावच्या पायलीची मापं ताडून पाहायची तर एकच धान्य दोन्हींत ओततात. सवालही तसेच ताडून पाहू."

"आणि धान्य कुठलं?"

"मी! पंतोजींकडे सहा वर्षं बिगरीत काढलीत. माझा मठ्ठपणा खात्रीचा आहे, महाराज. उन्हापावसाने कमीजास्त होत नाही!"

गेनूने पाटीवर दोन्ही परीक्षा दिल्या. चिंतोशास्त्रींकडे दहा गुण, दाजीशास्त्रींकडे तीस.

"एकट्या मठ्ठाचा काय भरवसा?" प्रधान कुरकुरले. "मध्येच डुलकी लागली असेल!"

"लागलीच होती! म्हणून म्हणतो, सगळ्या दरबाराने दोन्ही परीक्षांना बसावं. महाराजांनीही."

सगळे बसले. कुणी हुशार निघाला, कुणी ढ. पण ज्याला त्याला दाजीशास्त्रींकडे वीसेक गुण जास्तच!

"म्हणजे हे वीस फुकटचे," गेनू म्हणाला. "मोरोबाच्या पंचाहत्तरातून ते काढा, उरले पंचावन्न. येसाजीचे साठ. कारकून येसाजी!"

"शाब्बास! आणि माझे गुण?"

गेनू पागोटं सावरत म्हणाला, "महाराज माझ्या जवळपासच आहेत."

"म्हणजे मी तुझ्याइतकाच मठ्ठ?"

"छे छे, महाराज! माझी बरोबरी करायला आपल्याला अजून दोन गुण हवेत!"

गेनूला हत्ती दिसू लागला. आणि राजा असा खदखदून हसला की मुकुट सरकून नाकावर आला! त्याने चांदीचं पानदान उचलून गेनूच्या हातात ठेवलं.

"पुढच्या खेपेला माझ्या शेजारी बस रे गेनू! तुझ्या पाटीवरचं बघून लिहीन!"