दगडांतली ऊब

“मग ती ऊब गेली कुठं, महाराज?”

म्हाताऱ्यांच्या खोलीची फरशी गार पडल्याचं कळताच भट्टीवाला विश्राम तरातरा आला होता. भानगिरी महाराज मठाच्या अंगणात तीन दगड मांडून पाणी तापवत होते. पाणी कुणासाठी, हे विश्रामनं विचारलं नाही.

पौषातली सकाळ होती. सातपुड्यातल्या त्या मठात गवतावरचं दवसुद्धा गोठलं होतं.

मठात चार निराधार म्हातारी माणसं राहत. शेजारच्या चुनाभट्टीची धग धुराड्यातून फुकट जाते, हे विश्रामला सलायचं. त्यानं म्हाताऱ्यांच्या खोलीलगत दोन पुरुष खोल खड्डा खणला, तो फरशीखालपर्यंत नेला, नदीतल्या गोट्यांनी भरला आणि उन्हाळाभर भट्टीची गरम हवा त्यातून खेळवली. पावसाआधी भट्टी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद झाली, तेव्हा तोंडावर झाकण ठेवून माती लिंपली. डोकं चांगलंच होतं त्याचं, खोटं कशाला बोला?

“माझं गणित चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “फाल्गुनापर्यंत फरशी कोमट राहायला हवी होती.”

“झाकण किती वेळा काढलंस?”

“दसऱ्याला सरपंच आले होते, तेव्हा... मग शाळेतली मुलं, तालुक्याचे साहेब...”

“किती वेळा?”

“रोजच कुणीतरी यायचं, महाराज. दाखवल्याशिवाय पटत नव्हतं लोकांना.”

महाराजांनी चुलीत एक काटकी सारली...

विश्राम आलेल्या प्रत्येकाला खड्ड्यापाशी न्यायचा. माती फोडायचा, झाकण सरकवायचा आणि म्हणायचा, “हात लावून बघा.” लोक हात शेकायचे, वाहवा करायचे. दिवाळीत तर त्यानं म्हाताऱ्यांच्या गोधड्याही खालच्या वस्तीत वाटून टाकल्या. यंदा लागणारच नाहीत म्हणाला. त्याचा तो तोरा आठवला, की मला आजही चीड येते.

चौघांतल्या येसूआजीनं तेवढी आपली गोधडी जरा वेळ धरून ठेवली होती. मग म्हणाली, “तू म्हणतोस तर ने बाबा.”

“गोधड्या आणायला माणूस धाडतो,” विश्राम म्हणाला. “पण आधी झाकण काढून एकदा बघू द्या. खालचे गोटे अजून...”

महाराज उठले. त्याचं मनगट धरून त्याला खोलीकडे घेऊन गेले.

तिघं म्हातारे महाराजांच्या एकुलत्या एका घोंगडीत एकमेकांना बिलगून बसले होते. कुणी वर पाहिलं नाही.

येसूआजी भिंतीकडे तोंड करून आडवी होती. गुडघे पोटाशी घेतलेले. पहाटेच गेली होती ती.

विश्राम दारातच थबकला.

“आजी...?”

महाराज खाली बसले. तिच्या पावलांवरचं लुगडं त्यांनी हळूच बाजूला केलं.

“हात लावून बघ.”