सीलबंद गाणं

"मग बाबा, आता विकू, की अजून थांबू?"

गफूरबाबा चुलीवरच्या चहाकडे बघत होते.

विचारणारे जयपाल मगदूम साखर कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आपला अंदाज सहसा चुकत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांना मान्यही होता. मिरजेबाहेरच्या टेकडीवर, छोट्या दर्ग्याच्या ओसरीत राहणाऱ्या बाबांकडे ते दर गुरुवारी येत. फकिरी घेण्याआधी बाबांनी तीस वर्षं बाजारात रेडिओ दुरुस्त केले होते. तेव्हा आज मगदूम आपला रेकॉर्ड प्लेअरच गाडीत घालून घेऊन आले. सोबत पत्नी, पद्माक्का.

"घेतला आणि पाठोपाठ कॅसेट आली," मगदूम म्हणाले. "याला कुणी विचारेना. मग सीडी आली, कॅसेट गेली. मग सगळी गाणी मोबाइलात गेली. भंगारवाला किलोवर मागत होता. मी दिला नाही."

"बरं."

"आता पुण्याच्या पोरांना पुन्हा रेकॉर्डचं वेड लागलंय. एक जण चाळीस हजार द्यायला तयार आहे. का? तर हा एकदाही वाजवलेला नाही. सोबतच्या रेकॉर्डचं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे."

"एकदाही नाही?"

"सुई झिजली की भाव उतरतो, बाबा."

बाबांनी पद्माक्कांकडे पाहिलं.

"रेकॉर्ड कुणी निवडली होती, अक्का?"

"मी. दुकानदारानं त्याच्याकडची उघडी रेकॉर्ड लावली होती. अर्धंच गाणं ऐकलं, तेवढ्यात बसची वेळ झाली." त्या जरा हसल्या. "पुढचं कडवं काय असेल, असं अजून मधूनच मनात येतं."



मगदूमांचे कान तापले. चाळीस वर्षं एका घरात काढली होती.

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही त्यावर चादर घालून ठेवली होती."

बाबा उठले. "लाव बघू."

मगदूमांनी वायर जोडली. बटण दाबलं. तबकडी जागची हलेना.

"नवा कोरा आहे," ते पुटपुटले.

"म्हणूनच," बाबा म्हणाले. झाकण काढून त्यांनी आत मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, बोटानं तबकडी हळूहळू फिरवली. जरा वेळानं ती आपली आपण फिरू लागली.

मग त्यांनी सीलबंद रेकॉर्ड उचलली आणि पद्माक्कांपुढे धरली.

"बाबा…" मगदूमांचा हात पुढे आला. "प्लास्टिक फाटलं की निम्मा भाव गेला."

बाबा तसेच उभे राहिले. पद्माक्कांनी रेकॉर्ड घेतली, पण त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

मगदूमांचा हात हवेतच थांबला. मग तो खिशात गेला. गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला.

"नखानं नाही निघायचं ते. ही घे."

प्लास्टिक टरकन फाटलं. सुई टेकली. थोडी खरखर झाली आणि गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं संपलं. पद्माक्का पुढे झुकल्या. दुसरं सुरू झालं, आणि ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदू लागले. मगदूम घाबरले. बघतात तर त्या हसत होत्या.

"काय झालं गं?"

"अहो, स्वयंपाक करताना मी माझंच एक कडवं जुळवून म्हणत होते इतकी वर्षं. ते याच्याहून बरं होतं."

"मग म्हण की."

"इथं?"

"इथंच."

रेकॉर्डवरच्या बाईंचा आवाज एकीकडे, पद्माक्कांचा दुसरीकडे. दोघींचे शब्द वेगळे, चाल एक. फुलं घेऊन आलेल्या दोन बायका पायरीवरच बसल्या. मगदूम मांडीवर ठेका धरून होते, तोही चुकत होता.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली.

मगदूमांनी डोळे पुसले, चष्मा चढवला. सवय कुठं जाते.

"बाबा… आता त्या पुण्याच्या पोराला काय भाव सांगू?"

बाबांनी चहा गाळला. पहिला कप पद्माक्कांना दिला.

"आधी रेकॉर्ड उलटी कर," ते म्हणाले.