अंगारा लावलेलं यंत्र

"निर्भीड म्हंजी कसं रं, रावजी?"

मानपत्र वाचता वाचता रावजीअण्णा अडखळले. मठाचा कारभार पाहता पाहता त्यांचे केस पिकले होते, पण भर सत्कारात महाराजांनी असं मध्येच कधी विचारलं नव्हतं.

"निर्भीड म्हणजे... कुणाला न भिणारी, महाराज."

"असं."

भानुनाथ महाराजांनी मान डोलावली. अर्धी उलगडलेली शाल पुन्हा घडी करून मांडीवर ठेवली.

जिचा सत्कार होता, ती सुनेत्रा समोरच, धुनीपाशी बसली होती.

सुनेत्रा खोत ही मठाचीच लेक. वडील गेल्यावर तिच्या आईनं मठाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या आणि महाराजांनी पोरीला शिकवलं. पोरगी शास्त्रज्ञ झाली. धुरातली काजळी माणसाच्या छातीत बसते, तशीच वर जाऊन आभाळही तापवते आणि पावसाची घडी विस्कटते, हे तिनं आपल्याच तालुक्यातली हवा मोजून दाखवलं. वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, कारखान्याची चिमणी, चौकातले ट्रक... तिनं कुणाची भीडभाड ठेवली नाही. म्हणूनच दिल्लीला तरुण शास्त्रज्ञांचा मोठा सन्मान तिला मिळाला. तिथल्या मानपत्रातला 'निर्भीड' हा शब्द तिला फार आवडला होता. खरं सांगायचं तर तो तिनं आरशासमोर एकदोनदा म्हणूनही पाहिला होता. शास्त्रज्ञ झालं तरी माणूस ते माणूसच.

आज तेच मानपत्र रावजीअण्णा गावाला वाचून दाखवत होते.

"यंत्र आणलंयस का गं?" महाराजांनी विचारलं.

"आणलंय, महाराज."

न आणून कसं चालेल? हवा मोजायचं नवं यंत्र घेतलं की ती आधी टेकडी चढून मठात यायची. धुनीतला अंगारा बोटावर घेऊन यंत्राला लावायची, हात जोडायची आणि मगच ते कामाला जुंपायची. लोक नव्या ट्रॅक्टरचं करतात, तसंच.

"लाव की मग चालू."

"इथं?"

"हितंच."

सुनेत्राचा हात पिशवीतच थांबला. इतकी यंत्रं या धुनीपुढं आली, अंगारा लावून घेऊन गेली, पण त्यांतलं एकही इथं चालू झालं नव्हतं. तिनं ठरवून टाळलं होतं असंही नाही. तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. धुनीचा धूर हा तिच्या लेखी धूर नव्हताच.

तिनं यंत्र काढलं, फरशीवर ठेवलं, कळ दाबली. ते बारीक घुरघुरायला लागलं. धुनीची खोली तशी लहान, एकच दार, वर छोटा झरोका. आकडा चढत गेला... आणखी चढला... मग स्थिरावला.

"किती?"

तिनं यंत्र जरा आपल्याकडं कलतं केलं.

"ठीक आहे, महाराज. फार नाही."

बोलली आणि तिचे कान तापले. इतक्या वर्षांत तिनं खोटा आकडा कधी सांगितला नव्हता.

धुनीपाशी गेनबा खोकला. गेनबा तरुणपणापासून ही धुनी राखायचा. त्याचे डोळे बारा महिने लाल असत. ते तपाचं तेज आहे, असं भक्त म्हणत. गेनबाला स्वतःला त्या तेजातून समोरचं माणूस नीट दिसत नसे, ही गोष्ट वेगळी.

महाराजांनी एकदा गेनबाकडं पाहिलं, मग तिच्याकडं वळले.

"त्या वीटभट्टीवर गेलीवतीस. तवा मालक काय म्हनला?"

"यंत्र फोडीन म्हणाला."

"मग?"

"तरी सांगितला आकडा."

"का?"

"तिथं बायका दिवसभर धुरात राबतात, महाराज. आपण काय ओढतोय छातीत, हे त्यांना कळायला नको?"

"कळाय पायजे..." महाराज म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, "त्यास्नी सांगतीस, मग आमास्नीच का न्हाई? आमच्यावर राग हाय व्हय तुजा?"

सुनेत्रानं चमकून वर पाहिलं. मस्करी असेल असं तिला वाटलं होतं. पण म्हाताऱ्याचं तोंड उतरलं होतं. कुणीतरी पंगतीतून उठवल्यासारखा तो तिच्याकडं बघत होता.

तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. समोर रावजीअण्णा, मागं दाराबाहेरपर्यंत दाटलेलं गाव आणि अंगणापलीकडं स्वयंपाकघराच्या दारात आई. पिढ्यान्‌पिढ्या न विझलेली ही धुनी. आता आकडा सांगितला, तर खाल्ल्या मिठाला जागली नाही म्हणतील. आईला उद्यापासून या दारात कुणी उभं करेल का? भट्टीवाला फक्त यंत्र फोडणार होता. इथं तिचं माहेरच जाणार होतं.

गेनबा पुन्हा खोकला. या खेपेला लवकर थांबेना.

तिनं यंत्र उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं फिरवलं.

"मघाशी मी खोटं बोलले, महाराज. भट्टीच्या तोंडाशी आला होता, त्याहून हा आकडा जास्त आहे."



"सुनेत्रा!" रावजीअण्णांचा आवाज चिरकला. "अगं, कुठं बसून काय बोलतेस? या अंगाऱ्यानं माणसं बरी झालीत..."

महाराजांनी हात वर केला. अण्णा थांबले.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. देवापुढचं निरांजन घेतलं, धुनीवर धरून पेटवलं आणि जपून कोनाड्यात ठेवलं. मग आपला चिमटा घेतला. एकेक जळतं लाकूड ओढून दाराबाहेर, उघड्या अंगणात नेऊन ठेवलं. कुणी मदतीला पुढं झालं नाही. त्यांनी मागितलीही नाही.

शेवटचं लाकूड बाहेर गेलं, तसा गेनबा कावराबावरा झाला.

"म्हाराज... मग मी काय राखू?"

"तू बाहीर चल आधी. वाऱ्यावर बस."

त्यांनी त्याला हाताला धरून अंगणात नेलं, कट्ट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. गेनबा पाणी प्यायला आणि डोळे चोळत आभाळाकडं बघत राहिला.

महाराज परत आत आले. शाल उलगडली आणि सुनेत्राच्या खांद्यांवर घातली. तिनं वाकून नाथपंथी रीतीनं 'आदेश' म्हटलं. त्यांनीही 'आदेश' म्हटलं आणि सवयीनं हात धुनीकडं गेला, अंगाऱ्यासाठी... तो अर्ध्यावर थांबला. रिकामाच तिच्या डोक्यावर आला.

मग ते आपल्या जागेवर बसले. रावजीअण्णा अजून मानपत्र हातात घेऊन तसेच उभे होते.

"वाच की रं, रावजी. मघाशी कुटं थांबलावतास?"