सगुणाबाईचं बिनछपराचं घर

घसा बसलाय माझा, तरी मीच सांगायचं. गावात एवढी शिकलेली माणसं पडलीत, पण सगुणाबाईचं नाव निघालं की सगळे माझ्याच ओट्यावर. बसा. मधे बोलू नका.

फार फार मागची गोष्ट, तेव्हा आपल्या पाणदरीला रस्तासुद्धा नव्हता. गावात सगुणाबाई नावाची विधवा बाई होती. हाडं बसवायची. तिनं नुसता हात फिरवला तरी मोडलेलं हाड आपली जागा ओळखायचं, असं म्हणतात.

दिवाळी झाली की घाटावरून मेंढरंवाले उतरायचे. त्यांचा देव टोपलीत, टोपली घोड्यावर. त्या साली त्यांची एक तरणी सून, लखूबाई, दरडीवरून घसरली नि मांडीचं हाड मोडलं. कळप कुणासाठी थांबत नसे. जिला चालता येणार नाही ती मागं राहायची, परक्या मुलखात, एकटी.

सगुणाबाई रानात गेली, पाय बघितला. म्हणाली, हिला माझ्या घरी आणा. पायाला दोरी बांधून ती तुळईवरून घ्यायची, टोकाला धोंडा लावायचा, तेव्हा हाड ताणून बसेल. झाडाला बांधून चालत नाही, फांदी वाऱ्यानं हलते.

लखूबाई नको म्हणाली. सासराही नको म्हणाला. गावाला राग आला. आमच्या घराचा विटाळ होतो की काय यांना, असं लोक बोलले आणि घरी गेले.

सगुणाबाई तिथंच बसून राहिली. तिला नवल वाटलं. तिनं सासऱ्याला, मायाप्पाला, विचारलं, "दादा, घरात यायचं नाही, की छपराखाली यायचं नाही?"

"घराशी आमचं काय वैर, बाई? देव उघड्यावर आहे. तो परत ठाण्यावर बसेपर्यंत आम्हाला वर आभाळ दिसलं पाहिजे."

ती उठली ती थेट घरी. दिराला म्हणाली, शिडी लाव, छपरावरचे नळे उतरव.

दीर म्हणाला, "वैनी, परवाच कौलं चाळलीत. डोकं फिरलं का?"

"चाळलीत ना, मग सैल असतील. लवकर निघतील."

नळे उतरले, रिपा उतरल्या, वासे उतरले. तुळई तेवढी राहिली. मायाप्पा आधी स्वतः तिच्याखाली उताणा पडला. बराच वेळ वर बघितलं. मग सुनेला आत घ्या म्हणाला.

कळप त्या साली थांबला. पहिल्यांदाच थांबला, असं म्हणतात. मधे अवकाळी पाऊस आला. सगळं गाव भिजलं, आणि त्या चार भिंतींच्या आत थेंब नाही. कुणी म्हणतं ढगाला तिथं भोक पडलं. कुणी म्हणतं मेंढरंवाल्यांनी वर घोंगड्या धरल्या. पण घोंगडी धरली म्हणजे छप्परच झालं की नाही? हे मी लहानपणी वडलांना विचारलं तर चापट खाल्ली. मला अजून कळलेलं नाही.

शिमग्याला लखूबाई आपल्या पायानं घाट चढली. सगुणाबाईनं मात्र घरावर पुन्हा नळे घातले ते पावसाळ्यापुरतेच. दर दिवाळीला उतरवायची. चांदण्या मोजत मेली, असं म्हणतात.

आजही घाटात पहिली मेंढरं दिसली की आमची पोरं शिडी लावतात आणि त्या घराचे नळे उतरवतात. आता तिथं सरकारी नर्सबाई बसतात, डोक्यावर टोपी घालून. मेंढरंवाल्यांच्या बाया पोरं घेऊन येतात, दारातून आधी वर बघतात, मग आत शिरतात.

गेल्या साली मात्र पंचायतीच्या एका शहाण्यानं त्यावर कायमचे पत्रे ठोकले. मी नको म्हणालो, तर चारचौघांत म्हणाला, म्हाताऱ्या, तुला काय कळतं. चार दिवसांनी तापानं फणफणलेलं पोर घेऊन एक बाई आली, दारातून वर बघितलं आणि मागं फिरली. नर्सबाई तिच्यामागं रानात पळाल्या, म्हणून पोर वाचलं. संध्याकाळी आम्ही पत्रे उखडले.

पोराच्या आईपुढं त्या शहाण्यानं हात जोडले, ते खरं. माझ्याकडं अजून आलेला नाही. नाव घ्यायला मी भीत नाही. दिनकर पाष्टे.