धामणीची हरकत

फार मागे, पाखरांनाही कमिट्या काढायची हौस होती तेव्हाची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरणींची जुनी वस्ती होती. तिथं घरट्याचं बाहेरचं रूप बदलायचं तर कमिटीची परवानगी लागे. अध्यक्ष होता पारवा. त्याला स्वतःला दोन काड्या धड रचता येत नव्हत्या, पण दुसऱ्याच्या घरात काय वाईट दिसतं ते लगेच कळायचं.

तुळसा सुगरणीला घरट्याच्या दाराची नळी वीतभर लांब करायची होती. आत तीन अंडी होती, आणि शेजारणीची अंडी गेल्या साली धामणीने गिळली होती.

"छे! सगळ्या ओळीत एकच नळी लोंबती दिसेल," पारवा म्हणाला. "कुणाची हरकत?"

वरच्या फांदीवरून धामण गहिवरून बोलली, "माझी आहे, अध्यक्षसाहेब. वाडवडलांचं माप मोडू नये हो!"

कमिटीने माना डोलावल्या. तुळसा मात्र गोड हसली. "मावशी, तुम्ही जाणत्या. जुनं माप कुठवर, तेवढं सगळ्यांना दाखवता का?"

धामण फुगली. शेपटीने फांदीला विळखा घालून ती घरट्यावरून सरसर खाली उतरली. तिचं तोंड नळीच्या तोंडाशी टेकलं, जीभ आपोआप आत वळली, आणि तिथंच तिची लांबी संपली. "इथवर! पुढे बोटभरही नको."

पारवा दोन फांद्या मागे सरकला आणि ओरडला, "मंजूर! वीत नको, दोन वीत कर! आणि यापुढे हरकती जमिनीवरूनच घ्यायच्या!"