कालवातला खेकडा

एकदा एक वृद्ध शिक्षक ओहोटीच्या वेळी खाडीतल्या खडकांना चिकटलेली शिंपल्यातली कालवे काढीत बसले होते. त्यांचा जुना विद्यार्थी विश्राम तिथे आला. आता तो चाळिशीचा, स्वतःच्या होडीचा मालक होता.

"गुरुजी, शेवंतीमावशीला आज संध्याकाळी वृद्धाश्रमात पोचवतोय," तो म्हणाला. "आईची ही लांबची बहीण. आई गेली, तरी ही आमच्याकडेच. हातून काम होत नाही, नुसती बसून खाते. बांडगूळ झालंय घराला. सांगा, माझं चुकतंय का?"

गुरुजींनी हातातले कालव उघडले. आतल्या मांसात वाटाण्याएवढा, मऊ पाठीचा खेकडा दडून बसला होता. विश्राम त्याला नखाने उडवायला पुढे झाला, तोच गुरुजींनी तो शिंपला दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला.

विश्राम गोंधळला. "हे काय, गुरुजी?"

"कालव पाण्यातून जे अन्न गाळून घेते, त्यातलेच हा खातो. कालवाला याचा उपयोग काहीच नाही. उलट ते थोडे रोडावतेच. तरी दोघेही जगतात." गुरुजींचा आवाज मंद झाला. "आमचे घर पलीकडच्या तीरावर. तिकडे शाळा नव्हती. तुझ्या आजोबांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मासळी मिळाली नाही, त्या दिवशीही माझे ताट वाढले जाई. तुझी आजी भात वाढताना मुद्दाम दुसरीकडे पाही. मी किती खातो, ते तिला दिसू नये म्हणून. ती चूल, ती उकड्या तांदळाची पेज, तिचा तो वळवलेला चेहरा अजून आठवतो. त्या घराला मी काय दिले? काही नाही." त्यांनी शिंपला अलगद खाली ठेवला. "कालवाला या खेकड्याला हाकलता येत नाही, विश्राम. तुझ्या आजोबांना मला हाकलता येत होते."

भरती खडकांवर चढू लागली, तसा विश्राम उठला.

घरी मावशी ओटीच्या पायरीवर लुगड्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. पायांत वहाणाही घातलेल्या होत्या.

"रिक्षा इली काय रे?" तिने विचारले.

"नाय येवची गे मावशे. चल भितर, वारो सुटलो."

त्याने गाठोडे उचलून आत ठेवले, आणि खाली बसून तो तिच्या पायांतल्या वहाणा काढू लागला.