विसाव्याच्या तळ्यावरचा मान

ज्याच्या जटेत गंगा आणि ज्याच्या दारी भुकेला कधी परका नाही, त्या विसावेश्वराला आधी नमन. मग कथा.

मंडळी, सकाळपासून तुम्ही दोन जुनी गावे आणि दोन तळी पाहून या तिसऱ्या तळ्याशी आलात. बांधाच्या तोंडाशी आम्ही तुमची गाडी थांबवली, इंजिन बंद करायला लावले आणि तुम्हा सर्वांना खाली उतरवले. ड्रायव्हरला मात्र आतच बसवून ठेवले. समोर देवळापर्यंतचा सपाट बांध दिसतो ना? तेवढे अंतर गाडी तुम्ही ढकलत न्यायची आहे. ताई, तुम्हाला हसू आले; येणारच. पण ही रीत का पडली, ते ऐकून घ्या.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. या मुलखाच्या देशमुखांच्या घरी म्हाळसाबाई नावाची सून होती. तिचा एकुलता एक मुलगा तापाने अंथरुणाला खिळला. अन्न पोटात ठरेना, डोळे उघडेनात. तेव्हा तिने नवस केला, की तिन्ही तळ्यांकाठच्या महादेवांना एकाच दिवशी बेल वाहीन, शेवटचा इथे, दिवेलागणीच्या आत. आणि एका देवळापासून दुसऱ्यापर्यंत वाटेत पाय भुईला लावणार नाही.

पहाटे मेणा निघाला. चार भोई होते आणि सोबत घोड्यावर घरचे कारभारी त्र्यंबकपंत. दिवस वैशाखाचा. पहिल्या तळ्यावर पूजा झाली, दुसऱ्यावरही झाली. दोन्हीकडे बाईंनी स्वहस्ते प्रसाद वाटला; गाईला घास दिला, कावळ्यांनाही ठेवला. ऊन कलले तेव्हा मेणा या बांधावर चढला. पाण्यापलीकडे कळस दिसू लागला आणि तेवढ्यात पुढच्या खांद्याचा खेमा भोई गुडघ्यांवर कोसळला. मेणा हेलकावला, पण बाकीच्या तिघांनी तो भुईला टेकू दिला नाही.

पंत घोड्यावरून उतरले. म्हणाले, "बाईसाहेब, उतरू नका! याला राहू द्या झाडाखाली. याच्या जागी मी खांदा देतो. कळस समोर आहे."

बाईंनी पडदा सारला. "राघू, याला झाले काय?"

राघू म्हणजे खेमाचा थोरला भाऊ. तो खाली बघत म्हणाला, "पहाटेपासनं पोटात काही न्हाई, बाईसाहेब. पानीबी न्हाई."

"दोन ठिकाणी प्रसाद झाला ना?"

"तुम्ही देवळात व्हता तवा मेणा सोडून कुठं जानार? आन् तुम्ही आलात की निगायचं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, असे म्हणतात. तेच बाईंना अधिक लागले. कावळ्यांची आठवण ठेवणाऱ्या हाताला ही चार माणसे दिसली नव्हती.

बाईंनी मेणा टेकवायला सांगितला आणि पाय भुईवर ठेवला. पंत ओरडले, "नवस मोडला, बाईसाहेब! लेकराचा तरी विचार करा!"

"त्याचाच करते आहे, पंत. दुसऱ्या कुणाचे लेकरू उन्हात टाकून गेले, तर माझ्यासाठी कोणत्या तोंडाने मागू?"

पूजेच्या तांब्यात त्यांनी तळ्याचे पाणी आणले. नैवेद्याचा गूळ आणि खोबरे चौघांच्या हातावर ठेवले. खेमाने डोळे उघडले, पण त्याला उभे राहवेना. बाई म्हणाल्या, "याला मेण्यात निजवा."

खेमा कळवळला. "नगं, बाईसाहेब! आमच्या बापजाद्यांनी मेणा आतनं कदी बगितला न्हाई."

"गप बस की," राघू म्हणाला. "आज तुजं लगीन हाय असं समज."

आता चौथा खांदा हवा होता. बाईंनी पंतांकडे पाहिले. पंत म्हणाले, "आपल्यासाठी दिला असता. भोयाला मी वाहू?" पदर खोचून बाईंनीच दांड्याखाली खांदा घातला. थोडे चालल्यावर त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा घोडा तिथेच सोडून पंत धावत आले. उपरण्याची घडी खांद्यावर ठेवून त्यांनी दांडा आपल्याकडे घेतला. बाईंनी मात्र मेण्याला लावलेला हात काढला नाही.

सूर्य बुडाला. दिवेलागणीची वेळ उलटून गेली, हे बाईंना कळत होते. लेकराचे नाव मनात घेत, रडत त्या चालत होत्या. पण भोयांच्या चालीपेक्षा एक पाऊलही त्यांनी घाईने टाकले नाही.

इकडे देवळात निराळेच घडत होते म्हणे. गुरव कधीचा समई लावत होता आणि वात धरत नव्हती. तेल बदलले, वात बदलली, तरी ज्योत टिकेना. बांधावरून मेणा आला, पायरीशी टेकला, आतून खेमा भोई अवघडून बाहेर आला आणि त्या क्षणी समई आपोआप उजळली. गुरव म्हणाला, "बाई, देवाची दिवेलागण आत्ता होते आहे. तुम्हाला उशीर झालेला नाही."

दुसऱ्या सकाळी गावाहून स्वार आला. आदल्या सांजेला, दिवे लागताना, मुलाने डोळे उघडून पेज मागितली होती.

त्यानंतर म्हाळसाबाई जितक्या वेळा इथे आल्या, तितक्या वेळा बांधावरून मेण्याला खांदा लावून आल्या. पुढे मेणे गेले, छकडे आले, मग तुमच्या मोटारी आल्या. देव भावाचा भुकेला आहे, हे संतांनी आपल्याला पुष्कळदा सांगितले. माणूस मात्र भाकरीचा भुकेला असतो, हे या तळ्याने शिकवले.

आजही या बांधावर आणणारा बसतो आणि येणारे चालतात. आजही पहिला प्रसाद त्याच्याच हातावर पडतो आणि तोवर समई लागत नाही. तुमचे ड्रायव्हरदादा काच खाली करून मघापासून म्हणताहेत, "नको हो बाबा, मला लाज वाटते." दादा, खेमालाही वाटली होती. तुम्ही नुसते चाक सरळ धरा.

आणि मंडळी, ढकलण्याआधी त्यांना विचारा, सकाळपासून ते काय जेवले. तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसेल, तर खजील होऊ नका. बाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, एवढेच.

चला, लावा हात. ज्याने ही कथा ऐकली, त्याच्या घरची चूल कधी थंड न पडो. ज्याच्या खांद्यावर तुमचा भार आहे, त्याच्या घरची लेकरे सुखी असोत आणि तुमचीही. विसावेश्वर प्रत्येक वाटसरूला विसावा देवो.